मनोहरचा पेचकस

आमच्या घरात भाताची खरवड माझी होती. तसा ठराव कुणी केला नव्हता, पण सक्करदऱ्याच्या आमच्या अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं. आईनं भाताचं गंज चुलीवरून उतरवलं, भात ताटांत वाढला आणि उलथन्यानं बुडाशी खर्र खर्र सुरू केलं, की मी असेन तिथून हजर व्हायचो. तलावाच्या पलीकडच्या काठाला पोहत असलो तरी तो आवाज मला पाण्याखालून ऐकू यायचा. ती तांबूस, कुरकुरीत, किंचित जळकी पापडी, तिच्यावर जवसाची चटणी आणि कच्च्या तेलाची धार. मी एकुलता एक मुलगा, भिंतीला पाठ टेकून ती अशी खायचो, की राजेरजवाड्यांनी येऊन बघावं. मग मनोहर आला.

मनोहर म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचा मुलगा, कुहीकडचा. आम्हा दोघांनाही पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता, आणि सख्ख्या मावशीचं, म्हणजे आमचं, घर नागपुरात असताना पोरगा खोली करून राहील, ही कल्पनाच आमच्याकडे कुणाला सुचली नाही. आला तो एका खांद्यावर ट्रंक आणि दुसऱ्या खांद्यावर नव्या तांदळाचं पोतं घेऊन. आईचा जन्म त्याच भागातला. तिनं पोत्याचं तोंड सोडलं, आत नाक खुपसलं आणि तिथंच बसून रडायला लागली. मी तिचा पोटचा मुलगा, बोर्डाच्या परीक्षेत गणितात पहिला आलो तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं, आता दळण घेऊन ये." आणि हा पोतं काय घेऊन आला, तर गंगाजमुना! त्या रात्री त्याच तांदळाचा भात झाला. खर्र खर्र वाजलं. मी ताट पुढं केलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती खरवड माझ्या ताटावरून विमानासारखी उडत मनोहरच्या ताटात उतरली.

"आई, ते माही होय ना," मी म्हणालो.

"तू तं रोजच खातं. पाहुणा हाय बाप्पा तो."

पाहुणा डिप्लोमा संपेपर्यंत राहिला. त्यानंतर नोकरी लागली तरी राहिला. आणि तेवढा सगळा काळ तो पाहुणाच होता.

त्याच्या ट्रंकेत दोन सदरे, एक चादर आणि एक पेचकस होता. तुम्ही पुण्या-मुंबईकडचे लोक त्याला स्क्रू-ड्रायव्हर म्हणता. आम्ही पेचकस म्हणतो. पण हा साधा नव्हता. हातभर लांब, आणि मूठ बैलगाडीच्या जुन्या जुवाच्या लाकडाची, त्याच्या बापानं स्वतः तासून बसवलेली, इतक्या वर्षांच्या घर्षणानं बैलाच्या मानेसारखी गुळगुळीत झालेली. पेच फिरवायला तो फारसा वापरायचाच नाही. त्याचा उपयोग वेगळा होता. चालत्या मोटरच्या बेअरिंगच्या जागी टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसं. बेअरिंग चांगलं असेल तर आतून एकसारखा गुणगुणता सूर येतो. गेलं असेल तर खडे दळल्यासारखी कुरकुर येते. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात. पण मनोहर करायचा तेव्हा आजूबाजूची माणसं काम टाकून उभी राहायची. त्याच्या त्या मिटलेल्या डोळ्यांत असं काही असायचं, की वाटावं, मोटर याच्याशी घरच्या गोष्टी बोलते आहे.

मीही तसाच पेचकस आणला. इतवारीच्या बाजारातून, त्याच्यापेक्षा चार बोटं लांब. मूठ पिवळ्या चकचकीत प्लास्टिकची. कुठलीही मोटर दिसली की टोक टेकवून डोळे मिटायचो. पण मला माझ्या स्वतःच्या कानातली धडधड सोडून काही ऐकू येत नसे. एकदा फार स्पष्ट गुरगुर आली म्हणून मी बेअरिंग बदलायला सांगितलं, तर ती माझ्याच पोटातली निघाली. (माझी नातवंडं ही गोष्ट खरी मानत नाहीत. मीही हल्ली अर्धीच मानतो.)

पण खरवड गेली ती गेली, ते मी एकवेळ सोसलं असतं. बाबांचं मात्र मनाला लागलं. आमचे बाबा कापडाच्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. लहानपणापासून त्यांचा कान वाहायचा, त्यात मिलच्या साच्यांचा खडखडाट. दोन्ही मिळून त्यांचं ऐकणं पार बसलं होतं. त्यामुळे बोलत ते अशा आवाजात, की जेवताना "मीठ दे वं" म्हणाले तर शेजारच्या तीन घरांतून मीठ यायचं. घरात एक लाकडी पेटीचा रेडिओ होता. बाबा त्याच्यासमोर रोज संध्याकाळी बसायचे, आणि त्याच्या हिरव्या दिव्याकडे बघायचे. नुसते बघायचे. डिप्लोमाचं पहिलं वर्ष झाल्यावर मी ठरवलं, बापाला रेडिओ ऐकवायचाच. एका मंडपवाल्याकडून जुना भोंगा आणला, जोडला. सगळ्या सक्करदऱ्याला बातम्या ऐकू गेल्या, तलावातली बदकं उडाली, आणि बाबा म्हणाले, "काय झालं गा? लोक काहून जमा झाले?"

त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मनोहर पेचकस घेऊन उठला. रेडिओच्या लाकडी पेटीवर टोक टेकवलं, आणि मूठ बाबांच्या कानामागच्या हाडावर हलकेच दाबून धरली. बाबा आधी चिडले. मग त्यांचा चेहरा थांबला. आणि मग आमच्या बाबांनी, ज्यांना हसताना मी फक्त दिवाळीत आणि तेही उधारीवर पाहिलं होतं, सगळे दात दाखवले. "बाई गाऊन राहिली! अवं, ऐक ना, बाई गाऊन राहिली!" त्यांनी आईला एवढ्या मोठ्यानं सांगितलं, की गाणाऱ्या बाईलाही आकाशवाणीत ऐकू गेलं असेल. मनोहर अर्धा तास तसाच वाकून मूठ धरून उभा होता. आई पदरानं डोळे टिपत होती. आणि मी कोपऱ्यात भोंग्याच्या तारा गुंडाळत होतो.

मोटरचं वायंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारांची गुंडाळी, आतून जळतं, तेव्हा आधी धूर दिसत नाही. आधी एक गोडसर, चिकट वास येतो, व्हार्निशचा. पंखा फिरतच असतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं. त्या दिवशी मला तो वास माझ्या स्वतःच्या आतून आला. मी हे वर्णन वाढवून सांगत नाही. हे एकच वाढवून सांगत नाही.

डिप्लोमा झाल्यावर आम्ही दोघंही एकाच कारखान्यात लागलो. तिथं जळालेल्या मोटरी यायच्या, आणि त्यांची तांब्याची आतडी काढून नवी भरली जायची. व्हार्निशच्या भट्टीचा वास कपड्यांतून आठवड्याच्या धुण्यानंही जायचा नाही. ओल धरलेल्या मोटरींच्या पोटात मोठाले दिवे लावून त्या वाळवल्या जायच्या. चार-पाच मोटरी अशा आतून उजळून बसल्या, की कारखान्याचा तो कोपरा एखाद्या विहारातल्या पौर्णिमेसारखा दिसायचा. आणि टेस्टिंगच्या टेबलावर ठेवलेलं मेगर. मेगर म्हणजे हातानं दांडा फिरवायची एक काळी पेटी. घूं घूं करत फिरवली, की तिचा काटा सांगतो, तारांमधली वीज कुठं गळते का. काटा पार कडेला गेला तर मोटर पास. त्या टेबलाची खुर्ची, मेगर आणि उपकरणांच्या कपाटाची किल्ली, हे आमच्या कारखान्याचं सिंहासन होतं. तिथं बसणारा हात काळे करत नाही, त्याचं फक्त ऐकतात. आम्ही दोघं उमेदवार होतो आणि जागा एक. कारखाना चालवणाऱ्या डोंगरे साहेबांनी सांगून टाकलं होतं, उन्हाळा संपेपर्यंत बघतो आणि एकाला पक्का करतो. दुसऱ्यानं आपली सोय पाहावी. माझी सोय म्हणाल तर, मला ती किल्ली हवी होती. कमरेला लावून घरी जायचं आणि जेवायला बसताना मुद्दाम वाजवायची, एवढंच मी त्या वर्षी स्वप्नात बघत होतो.

आणि तो उन्हाळा! आमच्या नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगून कळायचा नाही. सक्करदऱ्याच्या तलावातले मासे दुपारी काठावर येऊन सावली मागायचे. आई आम्हा दोघांच्या खिशात लू लागू नये म्हणून एकेक कांदा घालायची. मनोहरच्या खिशात मोठा. मी वजन करून बघितलं नाही, पण डोळे असतात ना माणसाला. डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कुणी बाहेर पडत नसे. सगळं शहर एखाद्या डाकूंच्या टोळीसारखं दिसायचं. अशाच एका दुपारी साहेबांनी आम्हाला बोलावलं. शहराच्या टोकाला एक बर्फाचा कारखाना होता. त्यांच्या विहिरीवरच्या पंपाची मोटर आम्ही भरून दिली होती. त्यांच्या माणसांनी ती सकाळी बसवली, मोटर छान चालते, पण पाणी मात्र बोटाएवढ्या धारेनं येतं. पाणी नाही तर बर्फाचं मशीन थंड होत नाही, मशीन बंद तर बर्फ नाही, आणि मे महिन्यात बर्फ नाही म्हणजे नागपुरात दंगल. "दोघंही जा," साहेब म्हणाले, "आणि मला पाणी आल्याचं सांगायलाच परत या."

सायकलवर जाताना मी सगळा हिशेब मांडला. आज जो पाणी आणेल, त्याची खुर्ची. मी वाटेतच मनोहरला म्हणालो, "आज मी आधी पाहतो बे."

"पाय ना. मले काय," तो दुपट्ट्यातून म्हणाला. त्याला खरंच काही नव्हतं. हेच तर असह्य होतं. ज्याच्यावर जळायचं, त्यानं थोडं तरी परत जळावं की नाही?

बर्फाच्या कारखान्याचे शेठ दारातच उभे होते. घामानं त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता आणि मागं वितळणाऱ्या बर्फाच्या लाद्यांचं पाणी नालीतून वाहत होतं. "अरे भाई, मोटर घूम रही है, फिर पानी किधर गया? तुम लोगोंने क्या भर के दिया?"

मी बरोबर आणलेलं मेगर उघडलं, दांडा फिरवला. काटा पार कडेला. तारांवरचा करंट मोजला. बरोबर. विहिरीत पाइप बुडालेला होता. झडप उघडी होती. मी जे जे पुस्तकात होतं, ते सगळं केलं, आणि काही पुस्तकात नव्हतं तेही. पंपाला दोन लाथासुद्धा घातल्या. धार बोटाएवढीच. कारखान्यातली माणसं माझ्याकडे बघत होती, तशी हळूहळू मनोहरकडे बघायला लागली. आणि मग त्यानं तो पेचकस काढला.

मोटर सुरू होती. मोटरचा दांडा आणि पंपाचा दांडा जिथं एकमेकांना चार बोल्टांनी जोडलेले असतात, त्या जोडावरची जाळी घाईत कुणी बसवलीच नव्हती. बोल्टांची डोकी बाहेर, वेगानं फिरून नुसतं एक धुरकट कडं झालेलं. मनोहर त्याच्या शेजारी वाकला, टोक टेकवलं, मूठ हाडावर दाबली, डोळे मिटले. शेठनीसुद्धा घाम पुसायचं थांबवलं. "मोटर तं गोड हाय," तो मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला. मग पंपावर टोक ठेवलं. "हाही बरा हाय. पण काहीतरी..." आणि तो आणखी वाकला. त्याचा डोक्याचा दुपट्टा सैल झाला होता. एक टोक खांद्यावरून सुटलं आणि त्या जोडाच्या वाऱ्यात हलायला लागलं. एकदा आत, एकदा बाहेर. दुसरं टोक त्याच्या मानेभोवती गुंडाळलेलं.

मी तेव्हा काय करत होतो? मी त्याच्याकडे बघत होतो. बघणंच माझं काम होतं त्या दिवसांत. आई त्याला किती भात वाढते, साहेब त्याच्याकडे बघून हसतात का, तो कुणाशी काय बोलतो, माझ्याइतकं बारकाईनं मनोहरकडे त्याच्या आईनंही पाहिलं नसेल. ते टोक तिसऱ्यांदा आत गेलं, आणि माझा हात स्टार्टरच्या लाल बटणावर होता. मी विचार केला, निर्णय घेतला, वगैरे काही नाही. हात आधी पोचला. मत्सर बिचारा मागून धापा टाकत आला, तोपर्यंत बटण दाबून झालं होतं.

मोटर थांबायला वेळ लागतो. मी अजून त्या दुपट्ट्याच्या टोकाकडेच बघत होतो, म्हणून मला दिसलं. धुरकट कडं विरत गेलं, बोल्ट वेगळे वेगळे दिसायला लागले, एकामागून एक, अगदी सावकाश. आणि ते चुकीच्या बाजूला फिरत होते. पंपाच्या अंगावर ओतीव बाण होता, या बाजूला फिरावं म्हणून. बोल्ट बाणाच्या उलट निघाले होते. मोटरला तीन तारा येतात. त्यांतल्या कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते. आणि हा जो पंप असतो, तो उलटा फिरला तरी पाणी देतो, पण असं, कंजूष माणसासारखं, बोटभर. जोड बसवायच्या आधी मोटर कुठं फिरते ते बघायचं असतं. त्यांच्या माणसांनी घाईत ते केलंच नव्हतं. आणि गंमत अशी, की मोटर उलटी फिरली तरी तितकीच गोड गाते. जगातल्या कुठल्याही कानाला ते कळणं शक्य नव्हतं.

मनोहरनं डोळे उघडले. "काहून बंद केली बे?"

माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक, तुझी मान. दुसरं, बाण. पहिलं दिलं असतं, तर मी भावाला वाचवणारा झालो असतो. लोक हळहळले असते, शेठनी पाठीवर हात ठेवला असता, आणि बाणाचं काय, तो तर जाता जाता दिसला. खुर्ची काही हळव्या माणसाला मिळत नाही. मी छाती पुढं काढली. "बाण पाहाले," मी म्हणालो. "उलटी फिरून राहिली ते."

दोन तारा बदलल्या. बटण दाबलं. पाणी असं उसळलं, की रस्त्यावरून चाललेला एक सायकलवाला न्हाऊन घरी गेला. कारखान्यातली माणसं ओरडली, शेठ धावत आले, दोन्ही हात पसरले, आणि मी मिठी मारायला पुढं झालो. शेठ माझ्या बाजूनं निघून गेले आणि त्यांनी मनोहरला मिठी मारली.

"वाह बेटा! कान लगाया और पकड़ लिया! डॉक्टर है तू, डॉक्टर!"

"नाही शेठ, मी नाही," मनोहर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "मले तं काहीच समजलं नाही. वसंतानं पाह्यलं."

शेठनी त्याला लांब धरलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, "देखो! इसको बोलते हैं बड़ा दिल! अपना काम भाई के नाम कर रहा है!" आणि भुशात घातलेली बर्फाची अख्खी लादी पोत्यात गुंडाळून बक्षीस दिली. कुणाच्या कॅरिअरवर? मनोहरच्या. मी मागून सायकल चालवत होतो, आणि सगळा रस्ताभर त्या लादीचं थंड पाणी माझ्या तोंडावर उडत होतं. तेवढा काय तो माझा वाटा.

घरी आईनं त्या बर्फाचं कैरीचं पन्हं केलं. गल्लीतली सगळी पोट्टी तांबे घेऊन आली. मनोहरनं ओसरीवर बसून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी माझंच नाव घेतलं. वसंतानं मोजलं, वसंतानं ओळखलं, वसंतानं पाणी आणलं. बाबांना ऐकू यावं म्हणून ओरडून सांगितलं. ऐकून आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

"किती मोठ्या मनाचा हाय बाप्पा! दुसऱ्याचं नाव घेते."

"दुसऱ्याचं काहून मावशी? वसंताचंच तं घेतलं."

"तेच म्हणून राहिली मी."

रात्री खर्र खर्र वाजलं. मी ताट पुढंसुद्धा केलं नाही.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. पुढ्यात ती किल्ली होती. "मी मनोहरला विचारलं, तिथं काय झालं," ते म्हणाले. "ऐकणारे मला पुष्कळ मिळतील, वसंत. टेस्टिंगला कान नको, हात पाहिजे. वेळेवर बंद करणारा हात. घे." मी किल्ली घेतली. त्या क्षणी मला कुणाचाही मत्सर वाटत नव्हता, आणि ती अवस्था दारापर्यंत टिकली. जेवायला बसताना मी कमरेची किल्ली खणखण वाजवली, आणि आई आतून पेढ्यांची पुडी घेऊन बाहेर आली. मी म्हणालो, "तुले कोणी सांगितलं?" ती म्हणाली, "दुपारीच समजलं. खापरखेड्याहून बोलावणं आलं ना मनोहरले. बिजलीघरात. क्वार्टर बी हाय म्हणते." मग तिला माझ्या कमरेची किल्ली दिसली, आणि तीही गोड बातमी आहे असं ठरलं. पण पेढे वेगळे आणले नाहीत. दोन्ही आनंद त्याच पुडीत उरकले.

जाताना मनोहर तो पेचकस माझ्यापुढं धरून म्हणाला, "ठेव गा तुह्यापाशी. तिकडं भेटते मले कारखान्याचा." बैलाच्या मानेसारखी ती मूठ. मला तो पेचकस जगातल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त हवा होता, आणि म्हणूनच मी म्हणालो, "माह्यापाशी हाय ना. तुह्यापेक्षा लांब हाय." तो हसला आणि ट्रंकेत ठेवून निघाला. आई दर रविवारी डबा भरून त्या बाजूला जाणाऱ्या कुणाच्याही हाती द्यायची. जणू खापरखेड्यात तांदूळच पिकत नव्हता.

आता बाबा नाहीत, आई नाही. मी खुर्चीवरून रिटायर झालो, त्यालाही किती उन्हाळे झाले. मनोहर बिजलीघरात मोठ्या पदापर्यंत चढला, आणि आता दोन्ही कानांनी ठार बहिरा आहे. सगळा जन्म त्या यंत्रांच्या घरात गेला. पण डॉक्टर म्हणतात, आतला कान शाबूत आहे, बाहेरच्या वाटाच बंद झाल्या; हाडातून आलेलं अजून पोचतं. माझे कान अजून ठणठणीत. खोटं कशाला बोलू, ऐकलं तेव्हा वाईट वाटलं, आणि वाईट वाटून झाल्यावर वाटलं, चला, एका गोष्टीत तरी आपण पुढं.

यंदाच्या उन्हाळ्यात तो चार दिवस आमच्याकडे राहायला आला. आमच्या लीलेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कुकर बाजूला सारून माळ्यावरचं आईचं जुनं गंज काढलं. कुकरच्या भाताला खरवड नसते. घराघरातली किती भांडणं त्या भांड्यानं मुकाट मिटवली आहेत, याचा विचार कुणी करत नाही. "भावजी आले तं खरवड पाहिजे ना," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी कधी काढलं नव्हतं ते गंज.

दुपारी आम्ही खोलीत बसलो होतो. कूलर चालू होता, वाळ्याचा वास सुटला होता. मनोहर एकदम उठला, पिशवीतून तो पेचकस काढला, कूलरची मागची झडप उघडली, आत वाकला आणि मोटरवर टोक टेकवून मूठ कानामागच्या हाडावर दाबली. डोळे मिटले. तोच चेहरा. खांद्यावरचा दुपट्टा घसरून पंख्याच्या पात्यांकडे लोंबायला लागला, आणि मी कधी उठलो ते मला कळलं नाही. त्याचं टोक माझ्या मुठीत होतं.

"बेअरिंग जाऊन राहिलं," तो म्हणाला. "चार दिवस चालते फार तर." मला दोन चांगले कान आहेत. मला वाळ्यातून गळणाऱ्या पाण्याशिवाय काही ऐकू आलं नव्हतं. मग तो मान न वळवता म्हणाला, "सोड आता. तेव्हाच असा धरला असता, तं मोटर बंद कराची गरजच नव्हती."

"तुले ठाऊक होतं?" मी त्याच्या कानामागच्या हाडाशी तोंड नेऊन ओरडलो.

"दुपट्टा काळा झाला होता ना टोकाले. ग्रीस लागून." तो शांतपणे मूठ पुसत होता. "साहेबानं विचारलं, मी दुपट्ट्याचं सांगितलं. बाणाचं काय, बाण कोणीही पाह्यला असता."

म्हणजे ती खुर्ची, ती किल्ली, जी मिळवल्याच्या हुशारीच्या गोष्टी मी पोराबाळांना, सुनेला, पेपर टाकणाऱ्या मुलालासुद्धा रंगवून सांगत आलो, ती मला हुशारीसाठी मिळालीच नव्हती. मी जे लपवलं होतं, त्याच्यासाठी मिळाली होती. आणि तीही यानंच मिळवून दिली होती. एवढ्या वर्षांत एक गुपित माझं एकट्याचं होतं, एकच, त्याच्यावर माझा उपकार होता आणि त्याला माहीत नव्हता. तेही याच्याच ट्रंकेत निघालं. मी चांगलं सणसणीत काहीतरी बोलणार होतो. शोधत होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघरात लीलेनं उलथनं घेतलं. खर्र, खर्र. मला ऐकू आलं आणि मी वळलो. पण पेचकसाचं टोक स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणि मूठ हाडाला टेकवून उभा असलेला तो ठार बहिरा माणूस माझ्याआधी निघाला होता, आणि मी पोचेपर्यंत ताट पुढं करून भिंतीला पाठ टेकून बसलाही होता. माझ्या जागी.